कमी वापराच्या फोनचा प्रीपेड हिशेब: पॅक कसा निवडायचा, नंबर कसा चालू ठेवायचा

गावाकडे राहणारे आईवडील, बटणांचा फोन वापरणारी आत्या, फक्त बँकेच्या ओटीपीसाठी जपलेलं दुसरं सिम, विहिरीवरच्या मोटरच्या मोबाइल स्टार्टरमध्ये घातलेलं सिम. या सगळ्यांचा वापर थोडा असतो. दिवसाला दोन-चार कॉल, त्यातले बरेचसे आलेलेच, आणि नेट जवळजवळ नाहीच. तरीही दुकानात गेलं की समोर येतो रोज दीड जीबीचा पॅक, आणि घरातलं कुणी ॲपवरून रिचार्ज मारतं तेव्हाही वर दिसणारा तोच पॅक निवडला जातो. पैसे जातात, डेटा रोज रात्री बारा वाजता वाया जातो, आणि अठ्ठावीस दिवसांनी फोन पुन्हा मुका होतो.

कमी वापरणाऱ्या माणसाला कंपनीकडून मुख्यतः दिवस विकत घ्यायचे असतात. त्याचे मिनिटं आणि जीबी तसेही संपत नाहीत, संपते ती व्हॅलिडिटी. म्हणून पॅकची तुलना दिवसाच्या दरानं करायची. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी समजून घ्या: पॅक संपला म्हणजे नेमकं काय संपतं

पूर्वी लाइफटाइम म्हणून घेतलेली कार्डं अजून अनेकांच्या डोक्यात आहेत. एकदा पैसे भरले की इनकमिंग कायमचं, वर लागेल तसा दहा रुपयांचा छोटा रिचार्ज. तो काळ गेला. 2018 च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी किमान रिचार्जची पद्धत आणली. तेव्हा 35 रुपयांत 28 दिवस मिळत. पुढे हा तळ 99, 155 असा चढत गेला आणि जुलै 2024 च्या दरवाढीनंतर एअरटेल आणि व्हीआयचा (व्होडाफोन आयडियाचा) 28 दिवसांचा सुरुवातीचा अमर्याद कॉलचा पॅक 199 रुपयांवर, तर जिओचा 189 रुपयांवर आला.

आता पॅकची मुदत संपली की टप्प्याटप्प्यानं गोष्टी बंद होतात. सर्वांत आधी आउटगोइंग जातं. त्यानंतर इनकमिंग कॉल आणि एसएमएस किती दिवस चालू राहतील हे कंपनी ठरवते आणि ते बदलतही असतं, म्हणून त्या दिवसांवर भरवसा ठेवून बसू नये. शेवटचा टप्पा म्हणजे नंबरच हातातून जाणं, आणि त्यासाठी ट्रायचा, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचा, नियम आहे. हा नियम 22 मार्च 2013 पासून लागू आहे. जानेवारी 2025 मध्ये तो नवा म्हणून समाजमाध्यमांवर फिरला, पण तो जुनाच आहे.

नियम असा: प्रीपेड सिम सलग 90 दिवस अजिबात वापरलं नाही, तरच ते वापराअभावी बंद करता येतं. वापर म्हणजे आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, नेटचा वापर वगैरे. 90 दिवस वापर झाला नाही, पण मुख्य बॅलन्समध्ये 20 रुपये किंवा जास्त शिल्लक असतील, तर नंबर बंद न करता 20 रुपये कापून आणखी 30 दिवस द्यायचे. बॅलन्स पुरेल तोवर हे चालत राहतं. बॅलन्स नसल्यानं नंबर बंद झालाच, तर 15 दिवसांच्या सवलतीच्या काळात 20 रुपयांत तो परत सुरू करून घेता येतो. ही मुदतही गेली की नंबर किमान 90 दिवस बाजूला ठेवून मग दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती दुकानदारही सांगत नाहीत. पॅक मारल्यानं मुख्य बॅलन्समध्ये काहीच जमा होत नाही. त्यासाठी टॉप-अप, म्हणजे नुसता बॅलन्स भरणारा रिचार्ज, वेगळा करावा लागतो, आणि टॉप-अपमधून 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वजा होतं. 10 रुपयांचे हातात 7.47 येतात, 20 रुपयांचे 14.95, 100 रुपयांचे 81.75. म्हणजे नंबर टिकवण्यासाठी 20 रुपयांचा एकच टॉप-अप मारून निश्चिंत राहिलात, तर बॅलन्स 20 च्या खालीच असतो आणि नियमाचा फायदा मिळत नाही. 20 चे दोन मारा, किंवा 100 चा एक. शंभराच्या टॉप-अपमध्ये 20 रुपयांची चार वेळा कपात निघते.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: या नियमानं नंबर टिकतो, सेवा चालू राहीलच असं नाही. पॅक नसलेल्या अशा सिमवर ओटीपी येईल या भरवशावर बँक खातं जोडून ठेवू नका. जो नंबर केवळ हातातून जाऊ द्यायचा नाही, त्याच्यापुरताच हा उपाय योग्य आहे.

एक महिना वापर मोजा

बहुतेक घरांत ही पायरी गाळली जाते, आणि मग अंदाजानं मोठा पॅक घेतला जातो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापर पाहता येतो, सिमनिहाय आणि ॲपनिहाय. महिनाभराचा आकडा बघा. मोबाइल डेटा आणि वायफाय यांची नोंद वेगळी असते. घरी वायफाय असेल तर मोबाइल डेटाचा खरा आकडा अनेकदा एक-दोन जीबीच्या आत निघतो. कॉलचं मोजमाप कॉल लॉगवरून होईल. साध्या फोनमध्येही कॉलच्या वेळेची बेरीज दाखवणारी सोय बहुधा असते.

आकडा मोठा आला तर लगेच मोठ्या पॅककडे वळू नका. आधी तो कुठून आला ते बघा. ज्येष्ठांच्या फोनमध्ये डेटा खाणाऱ्या दोनच गोष्टी सहसा सापडतात: व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी येणारे शुभेच्छांचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरतात, आणि ॲप मोबाइल डेटावरच स्वतःला अद्ययावत करत बसतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा या भागात मोबाइल डेटावर असताना काय उतरवायचं याच्या सगळ्या खुणा काढून टाका. प्ले स्टोअरमध्ये अद्ययावत करणं फक्त वायफायवर ठेवा. मग पुन्हा काही दिवस बघा. निव्वळ मजकुराच्या संदेशांना आणि यूपीआयच्या व्यवहारांना डेटा फार थोडा लागतो. यूट्यूब आणि व्हिडिओ कॉल मात्र भरपूर खातात. आजोबा रोज तासभर कीर्तन किंवा बातम्या यूट्यूबवर बघत असतील आणि घरी वायफाय नसेल, तर ते कमी वापरणारे नाहीत. त्यांना रोजच्या डेटाचा पॅकच द्या, त्यात काटकसर करू नका.

घरात उभं राहून रेंज तपासा

स्वस्त पॅक घेण्याआधी हे हवंच. गावात रेंज आहे एवढ्यानं भागत नाही. माणूस जिथे बसतो, झोपतो, स्वयंपाक करतो, तिथे रेंज हवी. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात किंवा घाटाखालच्या वाडीत अंगणात पूर्ण रेंज आणि माजघरात शून्य असं सर्रास होतं. दोन-तीन शेजाऱ्यांकडे कोणती सिम आहेत आणि त्यांच्या घरात कॉल लागतो का, हे विचारणं कंपनीच्या नकाशापेक्षा खात्रीचं.

फोन कोणता आहे तेही बघा. जिओचं जाळं 4जी आणि 5जीचं आहे, त्यावर 2जी नाही. त्यामुळे जुना 2जीचा बटणांचा फोन जिओच्या सिमवर चालणार नाही. मोटरच्या मोबाइल स्टार्टरमध्येही अनेकदा 2जीचं यंत्र असतं, म्हणून स्टार्टरसाठी सिम घेताना आधी यंत्रावरचा तपशील वाचा. 4जी फोन असेल तर सेटिंगमध्ये व्होल्टी (VoLTE, 4जीवरून कॉल करण्याची सोय) सुरू असल्याची खात्री करा. ते बंद राहिलं की जिओवर कॉलच लागत नाही, आणि इतर कंपन्यांत फोन 2जीवर उतरतो. दोष सिमचा समजून लोक नंबर बदलतात आणि खरं कारण त्या एका बटणात असतं.

आता दिवसाचा दर काढा

पॅकची किंमत भागिले दिवस, एवढंच करायचं. खालचे आकडे जुलै 2024 ची दरवाढ आणि जानेवारी 2025 मध्ये आलेले फक्त कॉलचे पॅक यांच्या वेळचे आहेत. दर पुढेमागे होतात, म्हणून रिचार्जच्या दिवशीचा आकडा घेऊन तुम्ही स्वतः पुन्हा भागाकार करा.

जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक 299 रुपये: दिवसाला 10.68. एअरटेलचा 199 चा, 28 दिवसांसाठी एकूण 2 जीबी: दिवसाला 7.11. जिओचा 189 चा, तोही 28 दिवस आणि एकूण 2 जीबी: 6.75.

आता फक्त कॉल आणि एसएमएसचे. ट्रायनं डिसेंबर 2024 मध्ये ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती करून, डेटा नसलेले फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. याच दुरुस्तीत अशा विशेष पॅकची कमाल मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांवर नेली. ज्येष्ठांसाठी, घरी वायफाय असलेल्यांसाठी आणि बटणांच्या फोनसाठी हा निर्णय फार मोलाचा होता, पण त्याची माहिती ज्यांच्यासाठी तो घेतला त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. जानेवारी 2025 मध्ये हे पॅक आले. एअरटेल 84 दिवस 469 रुपये (दिवसाला 5.58) आणि 365 दिवस 1849 रुपये (5.07). जिओ 84 दिवस 448 (5.33) आणि 336 दिवस 1748 (5.20). व्हीआयनंही 365 दिवसांसाठी 1849 चाच दर ठेवला. कॉल अमर्याद, वर्षाच्या पॅकमध्ये एसएमएस 3600.

या आकड्यांकडे नीट बघा. 1748 हा 1849 पेक्षा शंभर रुपयांनी स्वस्त वाटतो, पण तो 336 दिवसांचा आहे. दिवसाच्या दरात तो किंचित महागच पडतो. 28 दिवसांचा पॅक महिन्याचा वाटतो, पण वर्षात बारा नव्हे तर तेरा रिचार्ज लागतात. 299 चे तेरा म्हणजे 3887 रुपये. 199 चे तेरा 2587. आणि फक्त कॉलचा वर्षाचा 1849. ज्या माणसाला नेट लागतच नाही त्याच्यासाठी पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात दोन हजारांहून जास्त फरक आहे, आणि घरात असे दोन फोन असतील तर तो दुप्पट.

दर महिन्याला त्याच तारखेला रिचार्ज लागावा अशी पेन्शनवर चालणाऱ्या अनेकांची इच्छा असते. 2022 च्या ट्रायच्या आदेशानं प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा निदान एक पॅक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा निदान एक पॅक ठेवावाच लागतो. ॲपच्या पहिल्या पानावर तो दिसत नाही, खाली शोधावा लागतो. दुकानात नाव घेऊन मागा.

आणखी एक स्वस्त वाट आहे, अटीसह. 2023 मध्ये आलेल्या जिओभारत फोनसाठी 123 रुपयांत 28 दिवस अमर्याद कॉल आणि रोज अर्धा जीबी, म्हणजे एकूण 14 जीबी, असा पॅक निघाला. दिवसाला 4.39. पण तो त्याच फोनमध्ये चालतो. बटणांचा नवा फोन घ्यायचाच असेल आणि घरात जिओची रेंज चांगली असेल, तर विचार करावा. चालू फोन टाकून तो घेण्यात मला फायदा दिसत नाही.

बीएसएनएलनं जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांबरोबर दर वाढवले नाहीत, आणि कमी वापरासाठी तिथे छोटे पॅक मिळतात. गावात बीएसएनएलची रेंज खरंच चांगली असेल तर तिथे नक्की बघा. मात्र किंमत तीच ठेवून दिवस कमी करण्याची पद्धत या धंद्यात रुळली आहे. मागच्या वेळचा पॅक त्याच किमतीला मिळाला तरी दिवस तेवढेच आहेत का, हे प्रत्येक वेळी मोजा.

कुणी काय घ्यावं

बटणांचा फोन, नेट शून्य: फक्त कॉलचा पॅक. पहिल्यांदा 84 दिवसांचा घ्या. रेंज, फोन, माणूस सगळं जमलं की मग वर्षाचा. वर्षाचे पैसे एकदम अडकतात, आणि मध्येच कंपनी बदलली तर उरलेले दिवस बुडतात. तब्येतीमुळे आईवडील कधी गावी, कधी मुलाकडे पुण्यात, कधी लेकीकडे असे राहत असतील तर मी 84 वरच थांबेन, दिवसाला पन्नास पैसे जास्त गेले तरी.

स्मार्टफोन आहे, घरी वायफाय आहे, बाहेर पडल्यावर यूपीआय आणि व्हॉट्सॲप लागतं: इथे फक्त कॉलचा पॅक घेऊन फसगत होते. भाजीवाल्यासमोर पैसे देताना नेट नसतं, आणि मग घाईनं डेटाचा वेगळा पॅक मारावा लागतो. त्यापेक्षा थोडा डेटा असलेला लांब मुदतीचा पॅक बघा. एअरटेलनं जानेवारी 2025 मध्ये 84 दिवसांना 7 जीबीचा 548 रुपयांचा पॅक ठेवला होता. फक्त कॉलच्या पॅकपेक्षा 79 रुपये जास्त देऊन तीन महिन्यांची बाहेरची गरज भागते. तुमच्या कंपनीत असाच पॅक शोधा: एकूण जीबीचा, रोजच्या जीबीचा नव्हे. एकूण जीबी मुदतभर उरतात, रोजचे रोज मरतात.

ओटीपीचं दुसरं सिम: बँक, म्युच्युअल फंड, आधार यांना जोडलेलं असेल तर त्याला चालू पॅक हवाच. पण खरं सांगायचं तर दोन सिमना वर्षभर पैसे भरण्यापेक्षा एक दिवस मोडून सगळी खाती एकाच नंबरवर आणा. बँकेत एक फेरी होते, आणि वर्षाचे अठराशे रुपये वाचतात.

मोटरच्या स्टार्टरचं सिम: यंत्र फक्त येणाऱ्या कॉलवर मोटर चालू-बंद करतं, की उलट कॉल किंवा एसएमएस करून कळवतं, ते आधी पाहा. दोन्ही स्थितीत पॅक संपला की ऐन पाण्याच्या पाळीला मोटर दाद देणार नाही. हंगाम मोजून 84 दिवसांचा पॅक बसतो का ते बघा. वर्षभर पाणी असेल तर वर्षाचा. डेटा असलेल्या पॅकचा इथे काहीच उपयोग नाही.

परदेशातल्या मुलांनी भारतातला नंबर ओटीपीसाठी ठेवला असेल, तर निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, फक्त कॉलचा वर्षाचा पॅक मारा आणि फोनमध्ये डेटा रोमिंग बंद ठेवा. रोमिंगमध्ये आलेला एसएमएस घ्यायला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत, तरी तुमच्या कंपनीला विचारून घ्या. तिकडे असताना त्या नंबरवर आलेला कॉल उचलू नका. रोमिंगचा पॅक नसताना तो फार महाग पडतो.

रिचार्ज मारताना

शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून किंवा ओळखीच्या दुकानातून मारा. पैसे पाठवण्याची काही ॲप रिचार्जवर दोन-तीन रुपयांचं सुविधा शुल्क लावतात. मोठ्या रकमेत ते जाणवत नाही, पण लहान टॉप-अपला बोचतं.

नंबर, कंपनी आणि सर्कल (नंबर ज्या सेवा विभागातला आहे तो) या तिन्हींची खात्री करा. आपल्याकडे मुंबई हे वेगळं सर्कल आहे, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. मुंबईत घेतलेला नंबर आता साताऱ्यात वापरत असाल तरी सर्कल मुंबईच राहतं, आणि पॅकची यादी सर्कलनुसार बदलू शकते. कंपनी बदललेल्या नंबरांत तर गोंधळ हमखास होतो. सुरुवातीचे आकडे पाहून दुकानदार जुनी कंपनी निवडतो आणि रिचार्ज अडकतो. दुकानात जाताना "नंबर पोर्ट केलेला आहे, आता अमुक कंपनीत आहे" असं आधीच सांगा.

पॅक संपायच्या एक-दोन दिवस आधी रिचार्ज करा. फार आधी करायचं असेल तर नवा पॅक जुन्याच्या मागे रांगेत थांबतो की लगेच सुरू होऊन जुने दिवस गिळतो, हे विचारून घ्या. जिओमध्ये रांगेत थांबण्याची सोय आहे. सगळीकडे आणि सगळ्या पॅकना ती असतेच असं नाही.

मारून झाल्यावर एसएमएस येईल. त्यातली शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि मुलामुलींनी आपल्या फोनमध्येही आठवण लावा. 365 दिवसांच्या पॅकला ठरलेली इंग्रजी तारीख पकडता येते, समजा 26 जानेवारी किंवा 1 मे. दिवाळी-पाडवा पकडू नका, सण दरवर्षी मागेपुढे होतात. 336 दिवसांचा पॅक मात्र दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकतो, तिथे तारीख नव्यानेच लिहावी लागते. मधेच शिल्लक आणि मुदत पाहायची असेल तर एअरटेलमध्ये *121#, व्हीआयमध्ये *199#, आणि जिओमध्ये 1299 वर कॉल केल्यास एसएमएस येतो.

गळती बंद करा

मुख्य बॅलन्समध्ये थोडे पैसे ठेवले की ते गुपचूप जाण्याच्या वाटाही बंद कराव्या लागतात. फक्त कॉलचा पॅक असताना डेटा चालू राहिला तर बॅलन्समधून पैसे कापले जाऊ शकतात. बटणांच्या फोनवर नेटचं बटण चुकून दाबलं जातं, विशेषतः खिशात. स्मार्टफोनमध्ये मोबाइल डेटा बंद करा. साध्या फोनसाठी 1925 वर STOP असा एसएमएस पाठवून डेटाची सेवाच थांबवता येते.

कॉलर ट्यून, क्रिकेटचा स्कोअर, राशिभविष्य अशा सशुल्क सेवा सुरू झाल्याचा संशय आला तर 155223 वर STOP पाठवा. कॉल संपल्यावर पडद्यावर येणाऱ्या चौकटीत हो म्हणायचं नाही, मागे जायचं बटण दाबायचं, एवढं आईवडिलांना एकदा हातात फोन देऊन दाखवा. तोंडी सांगून ते लक्षात राहत नाही. अनोळखी परदेशी नंबरावरून मिस्ड कॉल आला तर उलट फोन करायचा नाही. जाहिरातींचे कॉल थांबवण्यासाठी 1909 वर START 0 पाठवता येतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं: "केवायसी झालं नाही, दोन तासांत सिम बंद होईल" असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजा. ट्राय कुणाचाही नंबर बंद करण्याची धमकी देणारे फोन करत नाही. रिचार्ज संपत आला की ज्येष्ठांच्या मनात तशीच धास्ती असते, आणि नेमक्या त्याच वेळी अशा फोनला माणसं बळी पडतात. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तक्रार

पैसे कापले पण पॅक लागला नाही, किंवा सांगितल्यापेक्षा दिवस कमी मिळाले, तर त्याच सिमवरून 198 हा तक्रारीचा मोफत क्रमांक लावा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत दाद मागता येते, त्याला पैसे लागत नाहीत. बहुतेकांना ही दुसरी पायरी माहीतच नसते, म्हणून पहिल्या नकारानंतर ते गप्प बसतात. यूपीआयनं पैसे भरले असतील तर व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा.

कंपनी बदलायची असेल तर

PORT लिहून एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि हा एसएमएस 1900 वर. पॅक कितीही स्वस्त असला, त्यात एसएमएस नसले, तरी हा एसएमएस पाठवू देणं कंपन्यांवर डिसेंबर 2021 पासून बंधनकारक आहे. उत्तरात आलेला कोड महाराष्ट्रात 4 दिवस चालतो. तेवढ्यात आधार किंवा दुसरं ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. एकाच सर्कलमध्ये तीन कामकाजाचे दिवस, सर्कल बदलत असेल तर पाच. सध्याच्या कंपनीत निदान 90 दिवस झालेले हवेत, आणि सिम हरवून नवं घेतलं असेल तर जुलै 2024 पासून सात दिवस कोड मिळत नाही. उरलेला पॅक आणि बॅलन्स पुढे जात नाही, म्हणून मुदत संपत आलेली असताना पोर्ट करा. बदलाच्या दिवशी काही तास फोन बंद राहतो. घरात एकटं राहणारं ज्येष्ठ माणूस असेल तर त्या दिवशी शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

नको असलेलं सिम

नंबर नकोच असेल तर तो नुसता मरू देऊ नका. आधी संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते बघा. एका व्यक्तीच्या नावावर देशात बहुतेक ठिकाणी नऊपर्यंत सिम असू शकतात. आपण कधी घेतलेच नाहीत असे नंबर तिथे दिसले तर तिथेच कळवायची सोय आहे. मग जो नंबर सोडायचा त्याच्याशी बँक, यूपीआय, आधार, पॅन, गॅस सिलिंडरची नोंदणी, विजेचं बिल, विमा, व्हॉट्सॲप यांतलं काय जोडलंय याची यादी करा. एकेक करून ते नव्या नंबरवर न्या, आधी बँक आणि आधार. व्हॉट्सॲपमध्ये नंबर बदलण्याची सोय आहे, ती जुनं सिम चालू असतानाच वापरा. महिनाभर जुन्या सिमवर कुणाचा एसएमएस येतोय ते बघत राहा, कारण विसरलेली एखादी पतपेढी किंवा फंड हमखास तिथे निघतो. तेही हलवून झालं की कंपनीच्या दुकानात जाऊन नंबर बंद करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या.